पंचवीस आर कोठे गयात? अमळनेरकडच्या एका बांधाचं प्रकरण

मे महिन्याच्या अखेरीस आप्पांचा फोन आला. "भाऊ, तुनं मशीन लई ये. बापूनी मना पंचवीस आर खाई टाकात."

आप्पा सत्तरीचे. बापूंशी त्यांचं वाजलं हेच गावाला नवल होतं. दोघांच्या वडिलांनी एकाच बैलगाडीतून अमळनेरच्या बाजारात कापूस नेलेला. शेताला शेत लागून, तरी बांधावरून कधी आवाज चढला नव्हता. आणि आता एकदम पंचवीस आर, म्हणजे जवळजवळ पंचवीस गुंठे. एवढी जमीन बांध कोरून खायची तर माणसाला दोन पिढ्या नांगर तिरका धरावा लागेल.

मी खासगी मोजणी करतो. माझ्या कागदाला भूमी अभिलेखच्या 'क' प्रतीचं, म्हणजे सरकारी मोजणीच्या अधिकृत नकाशाचं, वजन नाही, हे मी प्रत्येकाला आधीच सांगून टाकतो. तरी लोक बोलावतात, कारण सरकारी मोजणीचे पैसे भरण्याआधी आपण खरे की खोटे, हे त्यांना गुपचूप कळून घ्यायचं असतं. इथे तर आप्पांच्या मागोमाग दोन दिवसांत बापूंचाही फोन आला. दोघांचीही अट एकच, की दुसऱ्याला कळू देऊ नका. मी दोघांना सांगितलं, येईन तर दोघांसमोर येईन.

कागद काय म्हणत होते

दोन गट. पूर्वेचा बापूंचा, सातबाऱ्यावर १ हेक्टर ६२ आर, म्हणजे जुने चार एकर. पश्चिमेचा आप्पांचा, १ हेक्टर २१ आर, म्हणजे तीन एकर. दोहोंच्या मधे दक्षिणोत्तर सरळ बांध. आप्पांच्या शेताच्या पलीकडच्या, म्हणजे पश्चिमेच्या कडेला एक नाला, पुढे बोरी नदीला मिळणारा.

जुन्या टिपणावर, म्हणजे साखळीच्या काळच्या मोजणीच्या कागदावर, मधल्या बांधाची लांबी १७ साखळी १४ आणे. ज्यांना हे माप ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. मुंबई इलाख्यातल्या मोजणीची साखळी ३३ फुटांची, तिचे भाग १६, आणि एका भागाला आणा म्हणायचं. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद म्हणजे एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. रुपया-आण्याचा हिशेब येणाऱ्या कोणालाही जमीन मोजता यावी अशी ही योजना होती. ती लोकांना आवडली असं मात्र नाही. १८५२ साली खानदेशात ही मोजणी आली तेव्हा सावदा, फैजपूर, एरंडोल भागात शेतकरी तिच्याविरुद्ध उठले होते. साखळी आली की सारा वाढतो, एवढं त्यांना कळत होतं.

टिपणाची पद्धत साधी. शेताच्या आरपार एक पाया, म्हणजे आधाराची सरळ रेघ, धरायचा, शंकूने काटकोन घेऊन कोपऱ्यांपर्यंत लंब काढायचे, शेताचे त्रिकोण आणि चौकोन पाडायचे, प्रत्येकाचं क्षेत्र काढून बेरीज. साखळी जमिनीवर ओढलेली, म्हणून आकडा जमिनीवरचा. टिपणाला अक्षांश माहीत नाही, रेखांश माहीत नाही, पृथ्वी गोल आहे हेही माहीत नाही. चार एकराच्या शेताला ते माहीत असायची गरजही नाही. भानगड पुढे झाली ती, ज्यांना हे सगळं माहीत आहे अशा यंत्रांचे आकडे या टिपणाशेजारी नेऊन ठेवले तेव्हा.

तीन आकडे

आप्पांचा पुतण्या जळगावला इंजिनिअरिंगला. सुट्टीत घरी आला, लॅपटॉपवर उपग्रहाचं चित्र लावलं, बापूंच्या शेताचे चार कोपरे धरून रेघ फिरवली. क्षेत्र आलं १ हेक्टर ८७ आर. सातबारा ६२ म्हणतो. म्हणजे पंचवीस आर जास्त. ते आले कुठून? शेजारून. शेजारी कोण? आप्पा.

पोराचं तर्कशास्त्र इथपर्यंत चुकलेलं नव्हतं.

बापूंनी हे ऐकलं आणि तालुक्याहून रोव्हरवाला, म्हणजे उपग्रहांवरून जागा मोजणारं यंत्र बाळगणारा, आणला. त्याने चार कोपरे घेतले, छापील कागद दिला. त्यावर १ हेक्टर ६१.८७ आर. म्हणजे बापूंची जमीन वाढली तर नाहीच, उलट तेरा चौरस मीटरने घटली. बापू कागद फडकवत गावात फिरले: "आता बोला, कोणी कोणाचं खाल्लं?" तेरा चौरस मीटर म्हणजे एक खोली. पण भांडणात खोलीसुद्धा पुरते.

तिसरा आकडा निवृत्त शिक्षक नानांचा, आणि तो क्षेत्राचा नव्हता, जागेचा होता. नानांकडे सर्व्हे ऑफ इंडियाचे जुने टोपोशीट, म्हणजे भूभागाचे छापील नकाशे, आहेत, मलमलच्या फडक्यात गुंडाळलेले. त्यांनी गावविहिरीचे अक्षांश-रेखांश त्यावरून काटेकोर मोजून मोबाईलमध्ये घातले, तर ठिपका विहिरीपासून शंभर मीटरहून जास्त अंतरावर भलत्याच्या मळ्यात पडला. नानांनी निष्कर्ष काढला की उपग्रहच चुकतो, त्यामुळे पोराचंही खोटं आणि रोव्हरवाल्याचंही खोटं.

मारुतीच्या ओट्यावर आम्ही बसलो तेव्हा हे तीन कागद मधे होते आणि चहा थंड होत होता.

खापर आणि मांडा

मी पोराला लॅपटॉप उघडायला सांगितलं. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात एक आकडा होता, ३८५७. तो पाहिल्यावर माझं अर्धं काम झालं. मोबाईल आणि इंटरनेटवरचे बहुतेक नकाशे ज्या प्रक्षेपावर काढलेले असतात त्याचा हा क्रमांक. मर्केटर नावाच्या माणसाने १५६९ साली खलाशांसाठी जी युक्ती काढली, तिचीच ही आजची धाकटी आवृत्ती.

प्रक्षेप म्हणजे काय हे ओट्यावर बसलेल्यांना सांगायला मला खानदेशात कधी अडचण येत नाही. आपल्याकडे मांडे होतात. चुलीवर खापर पालथं घातलेलं असतं, बाई हातावर पोळी फिरवत फिरवत मोठी करते आणि त्या गोलाव्यावर अलगद टाकते. खापरावर असेपर्यंत मांडा त्याच्या अंगाला चिकटून बसतो. आता तोच मांडा, घडी न घालता, परातीत सपाट पसरायचा. एक तर कडेला चिरतो, नाही तर मधे सुरकुती पडते. दोन्ही नको असेल तर कडा ओढून ताणाव्या लागतात. पृथ्वीच्या नकाशाचंही तेच. चिरायचं, सुरकुतायचं की ताणायचं, एवढंच आपल्या हातात.

मर्केटरने ताणायचं ठरवलं. कोन शाबूत राहतात, चौक चौकच दिसतो, उत्तर सरळ वर राहते, म्हणून पडद्यावर नकाशा सरकवायला हा सोयीचा. किंमत क्षेत्रफळात मोजावी लागते. विषुववृत्तापाशी ताण जवळजवळ नाही. कन्याकुमारीला क्षेत्र तीन टक्क्यांच्या आतच फुगतं. श्रीनगरला पंचेचाळीस टक्क्यांहून जास्त. आपल्या २१ अक्षांशाला सव्वापंधरा टक्के. खुद्द खानदेशात चाळीसगावकडे साडेचौदाच्या आसपास, वर तोरणमाळला साडेसोळाच्या पुढे.

आता १ हेक्टर ६२ आरचे सव्वापंधरा टक्के काढा. पावणेपंचवीस आर.

नकाशाच्या चांगल्या प्रोग्रामात क्षेत्र काढायच्या दोन तऱ्हा असतात. एक पृथ्वीच्या गोलाव्याचा हिशेब धरून, दुसरी पडद्यावरची चौकट सपाट मानून. पोराने दुसरी घेतली होती. त्याला दोष देत नाही. कॉलेजात शिकलेल्यांच्या अहवालांत मी हीच चूक पाहिली आहे, आणि तिथे ती शेताची नव्हती, अख्ख्या पाणलोटाची होती.

पण ओट्यावर टक्केवारी सांगून कोणी ऐकत नाही. म्हणून आम्ही उठून शेतात गेलो. पोराला म्हटलं, पडद्यावर बांधाची लांबी काढ. १९४ मीटर आली. मग तीस मीटरची पोलादी टेप आप्पांच्याच हातात दिली. उत्तरेच्या दगडापासून ते स्वतः टेप धरत गेले, दर तीस मीटरला पोराने खिळा ठोकला. सहाव्या वेळी दक्षिणेचा दगड लागला तेव्हा टेप संपायला वीतभर बाकी होती. १७९.८ मीटर. टिपणावरचे १७ साखळी १४ आणे मीटरमध्ये करा, हाच आकडा येतो.

आप्पा दगडावर बसले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग पुतण्याकडे पाहून एवढंच: "हाई काय शे, भो?"

बापूंचे तेरा चौरस मीटर

आता बापू हसत होते, पण त्यांचा कागदही तसा सोवळा नव्हता.

रोव्हरवाल्याचे आकडे यूटीएम ग्रिडवरचे, म्हणजे नकाशासाठी मीटरांत आखलेल्या चौकटीवरचे होते. या पद्धतीत ध्रुवांकडचा भाग सोडून सगळी पृथ्वी ६ अंश रुंदीच्या ६० उभ्या पट्ट्यांत कापलेली असते. पेरूची फोड म्हणा. आपला पट्टा ४३ वा, ७२ ते ७८ रेखांशांमधला. विदर्भाचा पूर्व भाग ४४ व्यात जातो. प्रत्येक पट्ट्याच्या मधोमध एक मध्य रेखांश, ४३ व्याचा ७५. त्यावरच्या बिंदूचं ईस्टिंग, म्हणजे पूर्वेकडे मोजायचं अंतर, ठरवून पाच लाख मीटर मानायचं, म्हणजे डावीकडे गेलो तरी उणे आकडा येत नाही. बापूंच्या कागदावर चारही कोपऱ्यांचे ईस्टिंग पाच लाखांच्या अगदी अंगाला होते आणि नॉर्दिंग, म्हणजे विषुववृत्तापासून उत्तरेचं अंतर, तेवीस लाख बावीस हजारांच्या आसपास. म्हणजे आम्ही जवळजवळ मध्य रेखांशावरच उभे होतो.

इथेच खोच आहे. सहा अंशांच्या पट्ट्यात मधे माप अचूक ठेवलं तर कडेला फार ताण पडतो. म्हणून मधेच मुद्दाम थोडं आखडतं घेतात: जमिनीवरच्या १००० मीटरला ग्रिडवर ९९९.६ मीटर. मध्य रेखांशापासून दोन्ही बाजूंना सुमारे १८० किलोमीटरवर ग्रिड आणि जमीन जुळतात, त्याच्या पलीकडे ग्रिड जास्त भरतं. ७५ रेखांश धुळे आणि जळगावच्या मधून जातो, त्यामुळे जवळजवळ सगळा खानदेश या १८० किलोमीटरांच्या आत बसतो. थोडक्यात, यूटीएमवर खानदेशातलं शेत कमीच भरणार. जळगाव शहरात किलोमीटरमागे ३६ सेंटिमीटर, अमळनेरकडे पूर्ण ४०. उंचीनेही थोडा फरक पडतो, पण सपाटीवर तो दोन-तीन सेंटिमीटरचा. वर तोरणमाळला मात्र पंधराच्या पुढे जातो.

लांबीत हजाराला ०.४ घटलं की क्षेत्रात हजाराला ०.८ घटतं. हेक्टरमागे आठ चौरस मीटर. १ हेक्टर ६२ आरला तेरा. बापूंची ती खोली सापडली.

चार एकराच्या बांधाला याने काही बिघडत नाही. १८० मीटरच्या बांधावर सात सेंटिमीटर, आणि बांधच मुळात हातभर रुंद. पण हाच प्रकार कालव्याच्या किंवा रस्त्याच्या संपादनात झाला तर? शिवाराच्या या टोकापासून त्या टोकाला तीन किलोमीटर धरा, शेवटचा खांब सव्वा मीटर आत येईल, आणि मग ज्याच्या शेतात तो खांब पडतो त्याचं जे व्हायचं ते होतं. माझ्या प्रत्येक नकाशाच्या पायाशी मी एक ओळ लिहितो: डेटम (म्हणजे पृथ्वीचा आकार आणि केंद्र कोणतं धरलं ते) अमुक, ग्रिड अमुक, झोन अमुक, क्षेत्र जमिनीवरचं की ग्रिडवरचं. गिऱ्हाईक ती वाचत नाही. पुढचा मोजणारा वाचतो. बापूंच्या कागदावर ही ओळ असती तर बापूंचा अर्धा राग वाचला असता.

नानांचे चार शीट

नानांची गोष्ट मला सगळ्यांत आवडली, म्हणून तिच्यावर जरा जास्त वेळ घालवला, आणि यजमानांनी दुसरा चहा टाकला.

फडक्यातून नानांनी शीट काढले ते चार, खळीने एकमेकांना चिकटवलेले. गाव एक आणि शीट चार कशाला? कारण अमळनेरच्या नैऋत्येला काही किलोमीटरांवर २१ अक्षांश आणि ७५ रेखांश एकमेकांना छेदतात. तिथे ४६ के/१६, ४६ एल/१३, ४६ ओ/४ आणि ४६ पी/१ असे चार नकाशे कोपऱ्याला कोपरा लावून मिळतात. त्या परिसरातल्या माणसाला आपलं शिवार पुरतं पाहायचं तर चारही विकत घ्यावे लागायचे. नानांच्या जोडपत्राच्या मधोमध, बरोबर त्या कोपऱ्यावर, घडी पडून पडून भोक पडलं होतं.

ठिपका का सरकला? शीट जुने, एव्हरेस्टच्या पृथ्वीवर काढलेले. १८३० साली जॉर्ज एव्हरेस्टने पृथ्वीचा जो लंबगोल ठरवला तो भारतातल्या मोजणीवरून, भारताच्या अंगाला बसेल असा. मध्य प्रदेशातलं कल्याणपूर हा त्याचा आरंभबिंदू. आपल्या देशापुरता तो छान बसतो, पण त्याची विषुववृत्तीय त्रिज्या आजच्या मापापेक्षा साडेआठशे मीटरच्या घरात कमी, आणि त्याचं केंद्रही पृथ्वीच्या खऱ्या केंद्रापासून आठशेहून जास्त मीटर दूर. मोबाईल चालतो डब्ल्यूजीएस-८४ या आजच्या लंबगोलावर, ज्याचं केंद्र पृथ्वीच्या केंद्राशी आहे, कारण उपग्रह त्याच केंद्राभोवती फिरतात. मांड्याच्या भाषेत सांगायचं तर इथे खापरच बदललं. एका खापरावरची खूण दुसऱ्यावर त्याच आकड्याने शोधली तर ती बाजूला पडणारच. नानांनी मोजलं होतं अचूक. उपग्रहही अचूक होता. फक्त दोघांमधे जे रूपांतर करावं लागतं ते झालं नव्हतं. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर सर्वांसाठी खुले जे शीट निघाले ते डब्ल्यूजीएस-८४ आणि यूटीएमवर आहेत. नानांना मी ते मिळवायला सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण जुने फडक्यात परत गुंडाळले ते जास्तच जपून.

त्यांच्या शीटमध्ये आणखी एक गंमत आहे, जिचा या भांडणाशी संबंध नाही, तरी सांगतो. जुन्या काळी भारतासाठी लॅम्बर्टच्या शंकू प्रक्षेपावर आडवे ग्रिड पट्टे आखले होते, आणि आकडे गजांत: ईस्टिंगला तीस लाख गज, नॉर्दिंगला दहा लाख गज मिळवून. २१ अक्षांशाच्या उत्तरेला झोन दोन-अ, दक्षिणेला तीन-अ. ही शिवण खानदेशाच्या पोटातून जाते. नंदुरबार, शहादा, शिरपूर, चोपडा, रावेर वर. धुळे, पारोळा, एरंडोल, चाळीसगाव खाली. वरच्या पट्ट्याचा मध्य २६ अक्षांशावर, म्हणून त्याच्या दक्षिण काठाला किलोमीटर सुमारे अडीच मीटर जास्त भरतो. खालच्याचा मध्य १९ वर, तिथे तोच किलोमीटर अर्ध्या मीटरहून थोडा जास्त कमी भरतो. एकाच जमिनीवर रेघेच्या अलीकडे-पलीकडे किलोमीटरमागे तीन मीटरचा फरक. आजच्या पद्धतीत उत्तर-दक्षिण अशी शिवण राहिली नाही, आणि पूर्व-पश्चिम शिवण ७८ रेखांशावर गेली. खानदेशापुरती ही चैनच म्हणायची.

आणि टोपोशीटवरून बांधाचा निकाल मागणाऱ्यांसाठी एवढंच: १:५०,००० वर एक मिलिमीटर म्हणजे पन्नास मीटर. शाईची रेघच बांधाच्या कितीतरी पट रुंद. त्यावर गटाच्या हद्दी तर नसतातच.

जो आकडा जुळला नाही

इथे प्रकरण मिटायला हवं होतं. पंचवीस आर हवेत गेले, तेरा चौरस मीटर हवेत गेले. बापू घरी निघाले. पण आप्पा हलेनात.

"भाऊ, ते समदं खरं. पण मनी जमीन कमी भरस, हाई बी खरं शे."

मी पोराला विचारलं, तू बापूंचं शेत काढलंस, आपलं काढलंस का? नव्हतं काढलं. आपली जमीन मोजायचं सुचलंच नाही, शेजाऱ्याची मोजली. मी म्हटलं, आता काढ, त्याच चुकीच्या पद्धतीने. आलं १ हेक्टर ३५ आर. बापू परत फिरले आणि मोठ्याने म्हणाले, "आप्पा, तुम्ही कोणाचे चौदा आर खाल्ले?" सगळे हसले. आप्पाही हसले, पहिल्यांदाच.

मी मात्र मनात भागाकार करत होतो. प्रक्षेप शेजारी पाहून फुगवत नाही. एकाच अक्षांशावरची दोन शेतं त्याने सारख्याच प्रमाणात फुगवायला हवीत. बापूंचं १.८७ भागिले १.६२, म्हणजे १.१५४. बरोबर. आप्पांचं १.३५ भागिले १.२१, म्हणजे १.११६. हे चूक. १.२१ चे फुगून १ हेक्टर साडेएकोणचाळीस आर व्हायला हवे होते. चित्रावर रेघ फिरवताना हात हलतो, एखादा आर इकडे-तिकडे धरता येतो, साडेचार नाही. फुगवटा काढून टाकला तर जमिनीवर जवळजवळ चार आरची तूट उरत होती.

आप्पांचं मन आकड्याआधी तिथे पोचलं होतं.

तेव्हा मी रोव्हर लावला. जुन्या हद्दीचे तीन दगड जागेवर सापडले, दोन बांधावर आणि एक दक्षिणेच्या रस्त्याला. चौथा, वायव्येचा, सापडला नाही. यूटीएमऐवजी गावापुरतं ग्रिड केलं, मध्य रेखांश शिवारातूनच धरला आणि माप असं बसवलं की ग्रिडवरचा मीटर जमिनीवरच्या मीटरएवढा यावा. त्यावर टिपण बसवलं. मधला बांध टिपणापासून कुठेही तीस सेंटिमीटरपलीकडे गेलेला नव्हता. साखळीच्या काळच्या मोजणीला आणि इतक्या वर्षांच्या नांगराला हा फरक माफ आहे. म्हणजे बापूंचा बांध जागचा हललेला नव्हता.

मग पश्चिमेला गेलो. आप्पांच्या ठिबकच्या नळ्या मधल्या बांधाकडून नाल्याकडे जातात. मागच्या हंगामाच्या नळ्या अजून तशाच पसरलेल्या होत्या. प्रत्येक नळीचं नाल्याकडचं टोक दुमडून तारेने आवळलेलं, आणि त्याच्या अलीकडे हातभर अंतरावर जुन्या दुमडीची पांढरी खूण, काही नळ्यांवर तशा दोन-दोन. मी विचारलं तर आप्पा म्हणाले, दर पावसाळ्यानंतर टोक काठाबाहेर लोंबतं, मग कापायचं आणि परत दुमडायचं. नवीन नळी घ्यायची वेळ आली की दुकानदाराला मीटर कमी सांगायचे. जमीन कमी भरते हे त्यांना कळलं होतं ते इथून. मग घरात पंचवीस आर हा आकडा आला, आणि त्यांनी आपली तूट त्याला जोडून टाकली. पूर्वेला, बापूंच्या बाजूला. तूट होती पश्चिमेला.

टिपणाप्रमाणे हद्द जिथे यायला हवी तिथे रोव्हरचा दांडा घेऊन चालत गेलो. दक्षिणेच्या टोकाला फरक नव्हता. मधे दीड-दोन मीटर. उत्तरेला जिथे नाला वळतो तिथे यंत्र अजून पाच मीटर पुढे म्हणत होतं, आणि पुढे जमीनच नव्हती. खाली दोन पुरुष खोल काळ्या मातीचा उभा कापलेला काठ, त्यातून एका बाभळीची मुळं बाहेर आलेली. आप्पा माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. काठी उचलून समोर नाल्यावरच्या मोकळ्या हवेत धरली.

"आठे व्हता मना बांध."

चौथा दगड का सापडला नाही, हे तेव्हा कळलं. क्षेत्र भरलं १ हेक्टर १७ आर.

पुढे काय झालं

बापूंनी मोजणीचा अर्ज टाकायचं सोडून दिलं. आप्पांनी टाकला, पण बांधाचा नाही, नाल्याच्या बाजूची हद्द कायम करून मिळण्याचा. सरकारी मोजणीदाराकडे मी माझे आकडे दिले, पायाशी ती ओळ लिहून. त्यांच्या 'क' प्रतीत आणि माझ्या नकाशात फरक येईलच. तो किती येतो ते पाहायला मीही थांबलो आहे.

सातबाऱ्यावर अजून १ हेक्टर २१ आरच आहेत. आप्पांनी तलाठ्याकडे जाऊन वाहून गेलेल्या जमिनीचा सारा कमी होतो का, ते विचारलं. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमात तशी सोय आहे, पण वाहून गेलेला तुकडा निदान अर्ध्या एकराचा हवा. अर्धा एकर म्हणजे वीस गुंठे, आप्पांचे गेले चार. सारा वर्षाला काही रुपयांचा, त्यासाठी आप्पा गेले नव्हते. कुठे तरी लिहिलं जावं म्हणून गेले होते.

परवा पुतण्याचा फोन होता. त्याने नाल्याच्या काठाची जुनी उपग्रह चित्रं गोळा केली आहेत, वर्षागणिक काठ किती सरकला ते काढतो आहे. पहिलाच प्रश्न त्याने विचारला: "काका, क्षेत्र कोणत्या प्रक्षेपावर काढू?"